दाराशी पोहोचलेले समाधान, गल्लीत राहिलेला धूर

गिरगावातील एखाद्या जुन्या चाळीचा तिसरा मजला. लाकडी जिना चढून आलेला डिलिव्हरीचा मुलगा दाराची कडी वाजवितो, हातातील पिशवी देतो आणि जाता जाता विनंती करतो, "ताई, पाच स्टार द्या हं." पिशवीत असते काय, तर कोथिंबिरीची जुडी, दुधाची पिशवी आणि पोह्यांचा पुडा. वस्तू वेळेत आली, पुडा फाटलेला नाही, मुलगा सौजन्याने बोलला. साहजिकच ग्राहकाचे समाधान झालेले असते. मोबाईलवर पाच चांदण्या उमटतात आणि व्यवहार संपतो. खाली गल्लीच्या तोंडाशी मात्र त्याची दुचाकी आडवी उभी असते, तिच्यामागे टॅक्सी खोळंबलेली असते, टॅक्सीच्या मागे टेम्पो असतो आणि या साऱ्यांची इंजिने चालूच असतात. त्या धुराविषयी कोणी कोणाला काही विचारीत नाही. त्यासाठी चांदण्याही नाहीत.

घरबसल्या खरेदी ही आता श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या मध्यमवर्गीयांच्या व कामगारांच्या वस्त्यांतही ती रुळली आहे. शिक्षक, कारकून, विद्यार्थी, निवृत्त गृहस्थ असे सारेच तिचा लाभ घेतात, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या वृद्ध दांपत्याला औषधे घरी मिळणे हा मोठाच दिलासा आहे. सायंकाळी साडेसातला लोकलमधून चिरडून उतरणाऱ्या नोकरदार स्त्रीला भाजीसाठी पुन्हा रांगेत उभे राहावे लागू नये, हेही योग्यच. प्रश्न घरपोच सेवा असावी की नसावी, हा नाहीच. या सेवेचे मोल ठरविताना जे मोजले जाते तेवढेच खरे मानावयाचे की काय, हा खरा प्रश्न आहे.

परक्या देशाचा हिशेब

घरपोच खरेदीमुळे इंधन वाचते आणि धूर कमी होतो, असे सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण ते कोठे खरे आहे हे पाहिले पाहिजे. अमेरिकेत वा युरोपातील अनेक उपनगरांत दुकान घरापासून काही मैलांवर असते. पाव आणण्यासाठीसुद्धा तेथील मनुष्य स्वतःची मोटार बाहेर काढतो. अशा शंभर घरांतून शंभर मोटारी निघण्याऐवजी एकच व्हॅन शंभर पार्सले घेऊन ठरलेल्या मार्गाने फिरली, तर पेट्रोलची बचत होणार हे उघड आहे.

हा हिशेब जसाच्या तसा ठाकूरद्वारला आणून लावता येत नाही. गिरगावातील गृहिणी भाजी आणावयास मोटारीने कधीच जात नव्हती. ती पिशवी घेऊन पायी जात होती. लालबागचा रहिवासी मिरचीमसाला घ्यावयाला मसाला गल्लीत चालत जातो. दादरच्या रानडे रस्त्यावर सणाची खरेदी करणारी बाई डोंबिवलीहून आली तरी लोकलने येते. या खरेदीला लागणारे जादा इंधन शून्याच्या जवळपास होते. त्या शून्याच्या जागी जेव्हा दुचाकीची एक फेरी येते, तेव्हा ती कितीही छोटी असली तरी बचत ठरत नाही. ती वाढच असते. परदेशात मोटारीच्या जागी व्हॅन आली, येथे पायांच्या जागी इंजिन आले.

घरपोच सेवेतही दोन जाती आहेत, हे ध्यानात घ्यावयास हवे. टपालाच्या पद्धतीने चालणारी एक सेवा आहे. तिच्यात दोन-चार दिवसांची मुदत असते, एका विभागाची पार्सले एकत्र होतात, आणि एका फेरीत पन्नास-साठ दारे उरकली जातात. दुसरी सेवा २०२१ नंतर महानगरांत फोफावली. तिच्यात दहा-पंधरा मिनिटांत किराणा पोहोचविण्याची शर्यत असते. इतक्या थोड्या वेळात दहा घरांच्या मागण्या एकत्र करणे शक्यच नसते. एक पिशवी, एक दुचाकी, एक फेरी आणि परतीचा रिकामा प्रवास. पहिलीत इंधन पन्नास घरांत वाटले जाते, दुसरीत ते एका कोथिंबिरीच्या जुडीवर पडते. मोबाईलवर मात्र दोहोंनाही पाचच चांदण्या मिळतात. किंबहुना वेगाने आलेल्याला अधिक सहज मिळतात.

भर पडते ती परत पाठविलेल्या मालाची. कपड्यांची तीन मापे मागवावयाची, एक ठेवावयाचे आणि दोन परत करावयाची, ही रीत आता सर्रास झाली आहे. परतीला पैसे पडत नाहीत म्हणून ग्राहकाला ती फुकट वाटते. प्रत्यक्षात ती दुसरी फेरी असते. ग्राहक घरी नसल्यामुळे उद्या पुन्हा आलेला मुलगा ही तिसरी फेरी.

इंजिनाचा स्वभाव

एवढ्याशा फेरीने असा काय धूर होतो, असे कोणी विचारील. त्यासाठी इंजिनाचा स्वभाव थोडा समजून घेतला पाहिजे.

एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास भरते. पण ते जळाले म्हणजे जवळजवळ २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पाऊण किलोतून सव्वादोन किलो कसे निघाले, याचे उत्तर शाळेतील रसायनशास्त्रात आहे: इंधनातील कार्बन हवेतील प्राणवायू ओढून घेतो आणि त्याचे वजन वाढते. हे झाले आदर्श ज्वलनाचे. हवा कमी पडली तर विषारी कार्बन मोनॉक्साइड होतो, पेट्रोलचा काही अंश न जळताच बाहेर पडतो, आणि उष्णता फार वाढली की हवेतील नायट्रोजनच जळून त्याची ऑक्साइडे बनतात. डिझेलच्या गाडीतून त्याखेरीज काजळीचे सूक्ष्म कण येतात.

यावर उपाय म्हणून आधुनिक गाड्यांच्या धुराच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा डबा बसविलेला असतो. त्यातील मौल्यवान धातूंच्या मुलाम्यावरून जाताना विषारी वायूंचे रूपांतर निरुपद्रवी वायूंत होते. परंतु हा डबा अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करीत नाही. गाडी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत इंजिन थंड, डबा थंड, इंधन मात्र जास्त, असा प्रकार असतो. म्हणूनच थंड इंजिनाची एक किलोमीटरची फेरी ही लांबच्या पल्ल्यातील एका किलोमीटरपेक्षा अधिक घाण करते. घरातून काढून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत नेलेली मोटार ही या दृष्टीने सर्वांत वाईट.

दुसरा भाग खोळंब्याचा. उभ्या गाडीचे ॲव्हरेज शून्य असते. इंजिन चालू, अंतर काही नाही, आणि पेट्रोल मात्र जळतेच आहे. १९७८ पासून कार्यरत असलेली पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही सरकारी संस्था वाहनचालकांना ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेग ठेवण्याचा आणि सिग्नलला इंजिन बंद करण्याचा सल्ला देत आली आहे. लालबाग-परळच्या किंवा काळबादेवी-गिरगावच्या रस्त्यावर सायंकाळी हा वेग स्वप्नातच मिळावयाचा. त्या रस्त्यावर अर्धा मिनिट आडवी उभी राहिलेली एक दुचाकी स्वतः फारसे पेट्रोल जाळीत नाही. पण तिच्यामुळे थांबलेली दहा वाहने जाळतात. घरपोच खरेदीचा धूर मोजावयाचा तर तो पिशवी आणणाऱ्याच्या सायलेन्सरपुरता मोजून चालत नाही. अडलेल्या रस्त्याचाही मोजावा लागतो.

परीक्षेतील गुण आणि रस्त्यावरील वर्तन

गाडीच्या धुराचे मोजमाप होत नाही असे नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि १९८९ चे केंद्रीय नियम यांनुसार प्रत्येक वाहनाला पीयूसी प्रमाणपत्र बाळगावे लागते. पण ते कसे मिळते? पेट्रोलची गाडी उभी करून, इंजिन मंद चालू ठेवून, नळीत सळई घालून कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेले हायड्रोकार्बन मोजले जातात. डिझेलच्या गाडीच्या धुराची अपारदर्शकता पाहिली जाते. नायट्रोजनची ऑक्साइडे या चाचणीत मोजली जात नाहीत, सूक्ष्म कणांचे वजन होत नाही, आणि गाडी रहदारीत चालताना काय ओकते हे तर कळतच नाही. वर्षातून एकदोन वेळा, तीही ठरवून दिलेली परीक्षा. शिक्षकांना हे वेगळे सांगावयास नको, की परीक्षेच्या दिवशीचे गुण आणि वर्षभराची समज या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण २०१५ च्या सप्टेंबरात उघडकीस आले. फोक्सवॅगन या जर्मन कंपनीने आपल्या डिझेल मोटारींत अशी संगणकीय व्यवस्था केली होती, की परीक्षा चालू आहे हे गाडीला ओळखता यावे. परीक्षेपुरती गाडी सज्जन होई. रस्त्यावर आली की नायट्रोजन ऑक्साइडांचे प्रमाण अमेरिकेतील मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जाई. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही लबाडी होती. हिंदुस्थानातही तपासणी झाली. ती पुण्याच्या एआरएआय या, १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेने केली. गाडीच्या जाहिरातीतील 'ॲव्हरेज' ठरते तेही अशाच मान्यताप्राप्त संस्थांच्या प्रयोगशाळांत: गाडी रुळांवर चढवून, ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग कमीजास्त करून. तेथे खड्डे नसतात आणि हिंदमाताला तुंबलेले पाणीही नसते. म्हणून कागदावरील वीस किलोमीटर दादरच्या रस्त्यावर बारा-तेरावर येतात आणि गाडीमालक गॅरेजवाल्याला दोष देतो. हे अंतर ओळखूनच १ एप्रिल २०२३ पासून नव्या मोटारींच्या धुराची प्रत्यक्ष रस्त्यावरील कसोटी देशात लागू झाली. परीक्षा अखेर वर्गाबाहेर आली, ही समाधानाची गोष्ट आहे.

ग्राहकाच्या समाधानाची परीक्षा मात्र अद्याप बंद खोलीतच चालू आहे. पाच चांदण्या म्हणजे उभ्या गाडीची पीयूसीच. माल हाती पडल्यापासून अर्ध्या मिनिटात घेतलेला तो जबाब असतो. पंधरा दिवसांनी पंखा आवाज करू लागतो, महिन्याने बुटाचा तळ सुटतो. त्या वेळी चांदण्या कोणी परत मागत नाही. त्यातही सारा जबाब प्रामाणिक असतो असे नाही. पैसे घेऊन लिहिलेल्या खोट्या प्रशंसेचा सुळसुळाट झाल्यामुळे २०२२ च्या नोव्हेंबरात भारतीय मानक ब्यूरोला 'आयएस १९०००' हे मानक प्रसिद्ध करावे लागले. पुढे ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला भुलविणाऱ्या तेरा क्लृप्त्यांची यादी करून त्या निषिद्ध ठरविल्या. त्या यादीत पहिल्याच रांगेत 'खोटी घाई' ही क्लृप्ती आहे. 'फक्त दोनच शिल्लक', 'दहा मिनिटांत सवलत संपणार' अशा पाट्या दाखवून ग्राहकाला विचार करू न देणे, हा तिचा अर्थ.

घाई ही ग्राहकाची गरज नसून ती त्याच्या मनात पेरली जाते, याची ही एक प्रकारे अधिकृत कबुलीच होय. आणि घाईचा थेट संबंध इंधनाशी आहे.

चिमणी गेली, नळी आली

मुंबईने धुराविरुद्ध पूर्वी लढा दिलेला नाही असे नव्हे. परळ-लालबागच्या पिढ्या गिरण्यांच्या भोंग्यावर उठल्या आणि चिमण्यांच्या धुरात वाढल्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीस के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या निरनिराळ्या विभागांतील रहिवाशांच्या श्वसनाचे विकार आणि तेथील हवा यांचा संबंध तपासला. हवेचे दुखणे हे आकड्यांत मांडता येते, हे त्या कामाने दाखविले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, त्यानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या, आणि चिमण्यांच्या जागी मॉल व मनोरे उभे राहिले. पण हवा त्या मानाने निवळली नाही. चिमणी निदान उंचावर धूर सोडीत असे; मोटारीची नळी तो शाळेत जाणाऱ्या मुलाच्या नाकासमोर सोडते.

त्यानंतरही काही झाले ते न्यायालयांच्या आणि नियमांच्या रेट्याने. १९९५ च्या एप्रिलपासून मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले, आणि २००० च्या फेब्रुवारीपर्यंत देशातून शिसेयुक्त पेट्रोल हद्दपार झाले. मुलांच्या मेंदूला अपाय करणारे एक विष त्यामुळे रस्त्यावरून गेले. १९९९ साली 'स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम' या नागरिकांच्या मंचाने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. तीतून परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि त्यानंतरच्या आदेशांमुळे मुंबईच्या जुन्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. १९९५ साली स्थापन झालेल्या महानगर गॅसच्या नळाने येथे मोठे काम केले. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा काळा धूर त्या काळापासून दिसेनासा झाला; पुढे २००३ साली ताडदेवला नोंदली गेलेली शेवटची पद्मिनीही वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक आले. इंधनातील गंधक दशलक्ष भागांत पन्नासवरून दहा भागांवर उतरले, आणि दुचाकींतील कार्ब्युरेटर जाऊन इंधन फवारणारी यंत्रणा आली.

एकेक गाडी अशी स्वच्छ होत गेली. पण गाड्यांची संख्या या सर्व कमाईवर पाणी फिरवीत राहिली. मुंबईतील नोंदणीकृत वाहने पंचेचाळीस लाखांच्या पुढे गेली आहेत, त्यांत निम्म्याहून अधिक दुचाकी आहेत, आणि रस्त्यांची लांबी दोन हजार किलोमीटरांच्याच आसपास आहे. उलट सार्वजनिक वाहन आटत गेले. १९२६ पासून बसगाड्या चालविणाऱ्या बेस्टच्या ताफ्यात २०१० च्या सुमारास चार हजारांहून अधिक गाड्या होत्या. २०२५ मध्ये त्या तीन हजारही उरल्या नाहीत, आणि त्याच वर्षी मे महिन्यात किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. बस न मिळालेला मनुष्य हप्त्याने दुचाकी घेतो, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. त्या वर्षाच्या जानेवारीत उच्च न्यायालयाने शहरातील पेट्रोल-डिझेलची वाहने टप्प्याटप्प्याने कमी करता येतील काय, याचा विचार करण्यासाठी समिती नेमण्यास शासनाला सांगितले.

मुंबईच्या हवेतील धूळ केवळ वाहनांची नाही. बांधकामे आणि रस्त्यांची धूळ यांचाही वाटा मोठा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ती धूळ उडते तीही चाकांखालूनच. सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा आपल्या देशात घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती ५ असावी असे सुचविले. या दोन आकड्यांमध्ये ज्यांची फुप्फुसे सापडली आहेत, त्यांत रोज नऊ-दहा तास रस्त्यावर घालविणारा डिलिव्हरीचा मुलगा सर्वांत पुढे आहे. पुष्कळ ठिकाणी पेट्रोल त्याला स्वतःच्या कमाईतून भरावे लागते. म्हणजे घाई मागावयाची ग्राहकाने, विकावयाची कंपनीने, आणि तिचे इंधन व धूर सोसावयाचा त्याने. वर चांदणी कमी पडली तर काम कमी मिळण्याची भीती.

याच मातीतील उत्तर

या पेचाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. मालाची वाहतूक एकत्र करून खर्च वाटून घेण्याची विद्या याच वस्त्यांना ठाऊक होती.

नायगावच्या कामगारवस्तीत १९४८ साली ग्राहकांच्या सहकारी संस्थेने मूळ धरले आणि पुढे तिचे 'अपना बाजार' घरोघरी पोहोचले. त्याच्या अनेक शाखा कालांतराने मिटल्या. पण रास्त भाव आणि खरे वजन म्हणजे ग्राहकाचे समाधान, ही व्याख्या त्यानेच गिरणगावाला शिकविली. १९७२ नंतर मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या स्त्रियांनी ग्राहक हा नागरिकही असतो हे सरकारला ऐकविले. आणि १९७५ साली उभ्या राहिलेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर घरपोच वितरणाचा असा नमुना निर्माण केला, की आजच्या तज्ज्ञांनी त्याचा अभ्यास करावा.

त्याची रीत साधी होती. शेजारपाजारच्या काही कुटुंबांनी मिळून एक संघ करावयाचा. महिन्याच्या सामानाची यादी प्रत्येकाने आधीच भरून द्यावयाची. पंचायतीने साऱ्या संघांची मागणी एकत्र करून उत्पादकाकडून व घाऊक बाजारातून पारखून माल घ्यावयाचा, आणि ठरलेल्या दिवशी टेम्पोने तो संघातील एका घरी उतरवावयाचा. मग संघाच्या सभासदांनी, बहुधा स्त्रियांनीच, एकत्र बसून वाटणी करावयाची. दहा-पंधरा घरांचा महिन्याचा किराणा आणि त्यासाठी दारी येणारी एक फेरी! कोणाला साखर कमी आली, कोणाची डाळ बरी नव्हती, हे तेथल्या तेथे बोलले जाई आणि पंचायतीपर्यंत पोहोचे. समाधान चांदण्यांत मोजले जात नसे. तक्रार ऐकली गेली की नाही, यावर ते ठरे. ही पद्धत पंचायतीने इंधन वाचविण्यासाठी काढली नव्हती. मध्यस्थांची लूट टाळण्यासाठी काढली होती. पण ज्या व्यवहारात घाई नाही आणि माणसे एकत्र आहेत, त्यात इंधन आपोआप वाचते.

डबेवाल्यांचे उदाहरण तर जगाने नावाजले. १८९० पासून चालत आलेल्या त्या व्यवस्थेत डबा दारातून उचलला जातो, सायकलीवरून स्थानकात येतो, लोकलने दादर-लोअर परळ-चर्चगेटला जातो आणि हातगाडीवरून कचेरीत पोहोचतो. पेट्रोलचा थेंबही न जाळता शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला वेळेवर वस्तू नेता येते, हे त्यांनी शतकाहून अधिक काळ सिद्ध केले. २०२० च्या टाळेबंदीने त्यांचे कंबरडे मोडले आणि अनेक जण पुन्हा या धंद्यात परतले नाहीत, ही दुर्दैवाची गोष्ट होय.

मागणी बदलली पाहिजे

मग करावयाचे काय? मोबाईल टाकून सर्वांनी पुन्हा पिशव्या उचलाव्यात, असा उपदेश करणे सोपे आहे आणि निरर्थक आहे. विजेवर चालणाऱ्या दुचाकी आल्या म्हणजे प्रश्न सुटला, असे म्हणणेही अपुरे आहे. त्यांनी गल्लीतील धूर जाईल, ही लहान गोष्ट नव्हे, आणि डिलिव्हरीच्या धंद्यात त्या सर्वप्रथम सक्तीच्या झाल्या पाहिजेत. परंतु मुंबईच्या विजेत ट्रॉम्बे आणि डहाणू येथील कोळशाचाही वाटा आहे, आणि विजेची दुचाकी आडवी उभी राहिली तरी तिच्यामागे गाड्या खोळंबतातच. फेऱ्या कमी होणे, हे मूळ आहे.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२० च्या जुलैत जे ई-कॉमर्स नियम झाले, त्यांनी विक्रेत्याचे नाव, वस्तू कोणत्या देशातील आहे, परतीच्या अटी काय, हे दाखविणे कंपन्यांवर बंधनकारक केले. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, अशी मुदतही घातली. त्याच ओळीत आणखी एक माहिती का मागू नये? ही वस्तू एकट्या फेरीने येणार की विभागाच्या एकत्र फेरीने, पेट्रोलवर येणार की विजेवर, हे मागणी नोंदविण्यापूर्वी ग्राहकाला दिसले पाहिजे. 'चाळीचा वार' किंवा 'सोसायटीचा वार' असा पर्याय असला आणि त्याला दोन पैसे कमी पडले, तर तांदूळ-साबणासाठी दोन दिवस थांबावयास बहुतेक कुटुंबे तयार होतील. औषध, आजारी माणूस, अडलेली वेळ यांना घाई राहू द्यावी. कोथिंबिरीला ती नको.

महापालिकेलाही यात काम आहे. गल्ल्यांच्या तोंडाशी माल उतरविण्यासाठी राखीव जागा आणि ठरलेल्या वेळा हव्यात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पदपथ मोकळे हवेत. दुकानापर्यंत चालत जाणे सुखाचे नसेल तर माणूस घरी बसून मागविणारच. त्याला दोष देता येणार नाही. गिरगावला २०२५ च्या ऑक्टोबरापासून भुयारी मेट्रोचे स्थानक मिळाले आहे. त्या स्थानकातून वर आलेल्या माणसाला चार पावले निर्धास्त टाकता आली नाहीत, तर कोट्यवधींच्या बोगद्याचा लाभ कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानापर्यंतसुद्धा पोहोचणार नाही.

आणि ग्राहक संघटनांनी समाधानाची नवी पाहणी हाती घ्यावी. वस्तू किती वेळात आली, एवढ्यावर न थांबता ती किती दिवस टिकली, परत करावी लागली काय, तक्रार कोणी ऐकली, आणणाऱ्याला पेट्रोलचे पैसे मिळाले काय, आणि एका घरामागे किती फेऱ्या झाल्या, हे प्रश्न तीत असावेत. तीत खाली राहणाऱ्या शेजाऱ्यालाही विचारावे. कारण तळमजल्यावरील खिडकीशी अभ्यासाला बसलेल्या मुलाने काहीच मागविलेले नसते. पिशवी तिसऱ्या मजल्यावर जाते आणि धूर त्याच्या खोलीत येतो. त्याचे मत विचारणारी जागा अजून कोणत्याही मोबाईलवर नाही. ती करून देणे हे ग्राहक म्हणविणाऱ्या प्रत्येक नागरिकाचे काम आहे.